रंकाळ्यात सोडायचं व्हायकिंग जहाज: आधी फळ्या, मग फासळ्या

शिवाजी उद्यमनगरात मी तीस वर्षं फाउंड्रीचे लाकडी पॅटर्न केले. नातवाने व्हायकिंग जहाज मागितलं तेव्हा हात सवयीने सांगाड्याकडे गेला: आधी फासळ्या, वर फळ्या. एक बाजू फुगली आणि रंकाळ्यात जहाज डावीकडे कललं. माझा क्रमच चुकला होता. हजारएक वर्षांपूर्वीचे नॉर्वेकडचे व्हायकिंग सुतार आधी फळ्यांचं कवच उभं करत, फासळ्या मागाहून बसवत.

माप गोकस्टाडच्या जहाजाचं घ्या. नॉर्वेत १८८० साली टेकाडाखालून उकरून काढलेलं हे ओकचं जहाज इ.स. ८९० च्या सुमाराचं, जवळजवळ २४ मीटर लांब. चाळीसपट लहान केलं की ६० सेंटीमीटर लांब, १३ रुंद.

कणा सागवानी पट्टीचा. फळ्यांसाठी ०.६ मिलिमीटरचं विनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा. खरी फळीही जेमतेम २.६ सेंटीमीटर जाड होती. प्रत्येक बाजूला १६ पट्ट्या, मध्ये ८ मिलिमीटर रुंद, टोकांकडे निमुळत्या. पुठ्ठ्याचे तीन साचे कण्यावर उभे करा, पण चिकटवू नका. नंतर ते काढायचेत. पट्टी किटलीच्या वाफेवर मऊ करा आणि कौलांसारखी, वरचीची कड खालचीवर बाहेरून दीड मिलिमीटर येईल अशी बसवा. साधा फेविकॉल पाण्यात सुटतो, अराल्डाईट लावा. कपड्यांचे चिमटे लावून रात्रभर ठेवा. डावी-उजवी पट्टी एकाच दिवशी लावा, नाहीतर कणा पिळतो. सोळा रात्री लागतात, घाई करू नका.

मग साचे काढून भिजवलेल्या वेताच्या फासळ्या घाला. पाण्याखालच्या भागात खऱ्या फासळ्या खिळ्यांनी नाही, झाडाच्या मुळ्यांनी फळ्यांना बांधलेल्या होत्या, त्यामुळे कवच लाटेबरोबर लवायचं. १८९३ साली नॉर्वेच्या कॅप्टन मॅग्नस अँडरसनने गोकस्टाडच्या जहाजाची प्रतिकृती अटलांटिकपार नेली, तेव्हाही ते असंच लवत होतं. म्हणून दर तिसऱ्या फळीला अराल्डाईटचा एकच ठिपका.

वल्ह्यांची भोकं खालून चौदाव्या फळीत, प्रत्येक बाजूला सोळा. सुकाणूचं वल्हं उजवीकडे, मागच्या टोकाजवळ. शीड लोकरीचं असायचं, पण घोंगडी या मापाला जड पडते, मांजरपाट घ्या.

तळात पंचगंगेची वाळू कापडी पिशवीत भरून ठेवा आणि जहाज सरळ बसेपर्यंत सरकवत राहा. पहिल्यांदा सकाळी, वारा पडलेला असताना सोडा. दोरीचं टोक पोराच्या हातात द्या.