गावची नळयोजना: टाकीपाशी थांबू नका, या चुका टाळा

विहिरीला पाणी आहे, पंप चालतो, टाकी वेळेवर भरते. तरीही गावात जुलाबाचे रुग्ण निघतात, आणि मग सगळे विहिरीकडे बोट दाखवतात. लहान योजनांमध्ये खरा घोटाळा बऱ्याचदा टाकी आणि शेवटचा नळ यांच्या मधे असतो, आणि तिथं रोज बघणारं कुणी नसतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे टाकीत ब्लीचिंग पावडर टाकली की काम झालं, असं धरून चालणं. ५०,००० लिटरच्या टाकीत लिटरमागे २ मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचं, तर १०० ग्रॅम क्लोरीन लागतं. ताज्या ब्लीचिंग पावडरमध्ये क्लोरीन साधारण एक तृतीयांश असतं, म्हणजे पावडर झाली ३०० ग्रॅम. तीच पावडर ओल किंवा ऊन लागून निम्मी मेली असेल, तर ६०० ग्रॅम हवी. म्हणून मुठीनं मोजणं सोडा आणि पोतं कोरड्या, सावलीच्या जागी तोंड बांधून ठेवा. पावडर कोरडीच टाकीत ओतू नका. प्लास्टिकच्या बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या आणि वरची निवळी टाकी भरत असताना सोडा. त्यानंतर किमान ३० मिनिटं पाणी सोडायचं नाही. हा अर्धा तास घाईत हमखास खाल्ला जातो, आणि जंतू मरायला नेमका तोच लागतो.

मात्रा बरोबर आहे का, हे शेवटचा नळ सांगतो. तिथं लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळं, म्हणजे जंतू मारायला अजून शिल्लक असलेलं, क्लोरीन हवं. उरत नसेल तर लगेच पावडर वाढवू नका, आधी टाकीच्या तोंडाशी मोजा. तिथंही नसेल तर पावडर कमकुवत आहे, मात्रा कमी पडते आहे किंवा पाणी गढूळ आहे. गाळ क्लोरीन खाऊन टाकतो. टाकीशी भरपूर आणि शेवटी शून्य, असं दिसलं तर दोष पाइपलाइनमध्ये आहे. वॉशआउट, म्हणजे लाइनमधला गाळ बाहेर सोडायचा व्हॉल्व्ह, उघडून लाइन धुवा, गळती शोधा.

गळतीनं पाणी वाया जातं एवढंच लोक बघतात. पण पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो, आत ओढ तयार होते आणि ज्या भोकातून पाणी बाहेर जायचं त्यातूनच गटाराचं पाणी आत येतं. नळाला थेट मोटार लावणारं घर हीच ओढ आणखी वाढवतं, शेजाऱ्यांच्या जिवावर. पाण्यानं भरलेला व्हॉल्व्हचा खड्डा मला सगळ्यात धोकादायक वाटतो. तो आधी उपसा. रात्री टाकीचा गावाकडे जाणारा व्हॉल्व्ह उघडा ठेवून सगळे नळ बंद करा आणि पातळी बघा. उतरली तर लाइन गळते आहे. व्हॉल्व्ह बंद असतानाही उतरत असेल, तर टाकी किंवा व्हॉल्व्ह गळतो आहे.

पाणी नितळ दिसतं म्हणून तपासणी टाळणं ही पुढची चूक. फ्लोराइड आणि नायट्रेट दिसत नाहीत, चवीला कळत नाहीत आणि क्लोरीननं जात नाहीत. उकळल्यानं तर नायट्रेट उलट दाट होतं.

जंतूंच्या तपासणीचा नमुना टाकीवरून नव्हे, गावातल्या नळावरून घ्या. प्रयोगशाळेची निर्जंतुक बाटली आधी विसळू नका. तिच्यात क्लोरीन निकामी करणारं औषध घातलेलं असतं. ते वाहून गेलं तर वाटेत क्लोरीन जंतू मारत राहतं आणि अहवाल खोटाच चांगला येतो. बाटली थंड ठेवून २४ तासांच्या आत पोचवा.