कामगार कामात कमी पडतोय? काढण्याआधी या चुका टाळा

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्यातल्या छोट्या कारखान्यांत हे सर्रास घडतं. ऑपरेटरचं रिजेक्शन (खराब निघालेला माल) वाढतं, सुपरवायझर चार लोकांत झापतो आणि एका सकाळी गेटवरूनच सांगितलं जातं, "उद्यापासून येऊ नको." लेखी काहीच नाही. प्रकरण कामगार न्यायालयात गेलं की मालकाजवळ दाखवायला एक चिठोरी नसते.

पण कागदाच्याही आधी कारण शोधा. डाय (मशीनचा साचा) झिजलीय का? मशीन बदलल्यावर कुणी शिकवलं का? गंगापूर-पैठणकडून येणाऱ्याला अचानक रात्रपाळी लावली का? जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये भट्टीपाशी उभ्या माणसाचं मे महिन्यातलं काम जानेवारीशी ताडून पाहणं मला सरळ अन्याय वाटतो.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे कमी कामाला गैरवर्तन ठरवणं. मुद्दाम काम टाळणं, वारंवार हयगय करणं हे गैरवर्तन. त्यासाठी आरोपपत्र, चौकशी आणि कामगाराला बाजू मांडायची पुरेपूर संधी हवीच. प्रयत्न करूनही जमत नसेल, तर तो आरोपाचा विषय नाही. नेमकं काय कमी पडतंय ते आकड्यांत लिहून द्या, शिकवा, मुदत द्या, मुदतीनंतर पुन्हा बघा. पत्र त्याला वाचता येईल अशा भाषेत द्या. इंग्रजी मेमोवर सही घेतली म्हणजे त्याला कळलं, असं होत नाही.

एवढं करूनही काढावंच लागलं, तर "शिक्षा नाही, फक्त काम जमत नाही" म्हणून कामगाराला काढणं ही कायद्याने कामगार कपातच (रिट्रेंचमेंट). वर्षात २४० दिवस भरले असतील तर एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई द्यावी लागते.

टार्गेट हुकलं म्हणून मनाला येईल तेवढा पगार कापू नका. दंड फक्त आधी जाहीर केलेल्या चुकांसाठी, ऐकून घेऊन, आणि महिन्याच्या वेतनाच्या ३ टक्क्यांच्या आत.

दबाव टाकून राजीनामा लिहून घेणंही नको. न्यायालय त्याला बडतर्फीच मानू शकतं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून श्रम संहिता, म्हणजे केंद्राचे नवे कामगार कायदे, लागू झाल्या आहेत. काढलेल्या किंवा राजीनामा दिलेल्या माणसाचं राहिलेलं वेतन आता दोन कामाच्या दिवसांत द्यायचं आहे. "पुढच्या महिन्यात ये, हिशोब करू" हे चालणार नाही.