दोन्ही बाजूंनी घालायचा टाय शिवताना या चुका टाळा

एका बाजूला गुळेदगुड्डचा खण आणि दुसऱ्या बाजूला शहापूर-वडगावच्या मागावरचे साधे रेशमी कापड, असा दुतर्फा टाय लग्नासाठी शिवून मागणारी माणसे बेळगाव, खानापूर, निपाणीकडून माझ्याकडे येतात, आणि असा टाय स्वतः शिवायला शिकू पाहणारी मुलेमुलीही येतात. नवशिक्यांच्या हातून होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. त्या पुन्हा पुन्हा उसवून दाखवण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवाव्यात, असे वाटले.

सुरुवातीलाच एक गोष्ट ध्यानात घ्यावी. साध्या टायला पाठ असते. शिवण, अस्तराची कड, कमी-जास्त झालेली माया (शिवणीसाठी कडेला सोडलेले जादा कापड), दोऱ्याची गाठ, हे सारे त्या पाठीवर ढकलता येते आणि कोटाच्या आत ते कोणाला दिसत नाही. दुतर्फा टायला पाठच नसते. त्यामुळे जे साध्या टायमध्ये शिवता शिवता निभावून नेता येते, ते इथे कात्री लावण्याआधीच ठरवावे लागते. ज्यांना एका संध्याकाळीत टाय गळ्यात हवा असतो, त्यांचे बिघडते ते इथेच.

दोन कापडांच्या धाग्यांची दिशा न जुळवणे

ही चूक सर्वांत जास्त नुकसान करते आणि सर्वांत उशिरा कळते. टायचे कापड उरेब, म्हणजे ताण्याला (उभ्या धाग्यांना) आणि बाण्याला (आडव्या धाग्यांना) 45 अंशांत तिरपे कापतात, कारण तसे कापलेले कापडच गाठीत दाबले जाऊन पुन्हा मूळ आकारात येते. एवढे बहुतेकांना माहीत असते. पण दुतर्फा टायमध्ये उरेब कापलेली दोन कापडे पाठीला पाठ लावून बसतात, आणि त्या दोघांचे उभे धागे एकाच दिशेने गेले पाहिजेत, हे सांगितल्याशिवाय कोणाच्या लक्षात येत नाही. हातमागाच्या कापडात ताणा आणि बाणा सारखे नसतात. एक आवळ असतो, दुसरा सैल. एका कापडाचा ताणा जिथे दुसऱ्याच्या बाण्यावर येतो, तिथे दोन्ही कापडे वजनाने वेगवेगळ्या दिशांना ओढ घेतात आणि टाय स्वतःभोवती पिळला जातो.

खानापूर भागातील एका लग्नासाठी नवरदेवाच्या मित्रांना असे टाय शिवून घेतले होते, एका बाजूला हिरवा खण आणि दुसऱ्या बाजूला मोतिया रेशीम. शिवणाऱ्याचे हात चांगले होते; टोके टोकदार होती, शिवण सरळ होती, जरीची तार कुठे सुटलेली नव्हती. लग्न दोन दिवसांवर आले असताना नवरदेवाची बहीण ती पिशवी घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काकू, एवढी फक्त इस्त्री मारून द्या, जरा वाकडे बसतात." मी एक टाय मानेच्या मध्यावर धरून दोन्ही टोके खाली सोडली. काही क्षण तो सरळ राहिला, मग रुंद टोक सावकाश फिरू लागले आणि खणाची बाजू समोरून वळून कडेला गेली. दुसरा धरला, तोही त्याच बाजूला फिरला. सगळेच टाय एकाच बाजूला पिळले जातात, तेव्हा दोष हाताचा नसतो, कापण्याचा असतो. म्हणून इस्त्री न घेता मी एका टायची कड उसवून आत पाहिले.

शिवणाऱ्याने कागदी नमुना आधी खणाच्या सुलट बाजूवर तिरपा ठेवून कापला होता आणि मग तोच नमुना तसाच, त्याच बाजूला कलता, रेशमाच्या सुलट बाजूवर ठेवून कापला होता. वेगवेगळी पाहिली तर दोन्ही कापणी निर्दोष. पण शिवताना दोन्ही कापडे सुलटीला सुलट लावली जातात, म्हणजे त्यांतले एक उलटे होते, आणि त्याबरोबर त्याच्या धाग्यांची दिशाही उलटते. खणाचा ताणा नेमका रेशमाच्या बाण्यावर जाऊन बसला होता. तो पीळ जगातल्या कोणत्याही इस्त्रीने जाणारा नव्हता. नवा खण मिळवायला वेळ नव्हता, पण मोतिया रेशीम मात्र त्यांच्याकडे शिल्लक होते. मग खणाची बाजू तशीच ठेवली, रेशमाची बाजू काढून टाकली आणि नमुना विरुद्ध बाजूला कलता ठेवून रेशीम नव्याने कापले. टाय सरळ झाले, पण जो अर्धा तास कापण्याआधी द्यायचा, त्यासाठी दोन दिवस आणि एका घराच्या जिवाला घोर लागला.

माझी सवय अशी आहे की दोन्ही कापडे सुलटीला सुलट लावून, किनारी समांतर ठेवून, एकत्रच कापते. कापड सुळसुळीत असेल आणि वेगळे कापावेच लागले, तर प्रत्येक तुकड्याच्या उलट बाजूवर खडूने ताण्याचा बाण काढते. मग दोन तुकडे सुलटीला सुलट लावून उजेडात धरते. बाण समांतर दिसले तर पुढे जायचे. त्यांची फुली दिसली तर तिथेच थांबायचे.

यावर एक अडचण हमखास पुढे येते. पट्ट्यापट्ट्यांचे एकच कापड दोन्ही बाजूंना वापरले आणि धागे असे जुळवले, तर एका बाजूचे पट्टे डाव्या खांद्याकडून खाली येतात आणि दुसऱ्या बाजूचे उजव्या खांद्याकडून. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्यामुळे पट्ट्यांच्या टायकडे इथली माणसे बारकाईने पाहतात. ब्रिटिश परंपरेच्या रेजिमेंटल टायवर पट्टे घालणाऱ्याच्या डाव्या खांद्याकडून उतरतात आणि अमेरिकी पद्धतीच्या टायवर बहुधा उलट. त्यामुळे "दोन्ही बाजूंना पट्टे एकाच दिशेने द्या" अशी मागणी येते. ती मी मान्य करत नाही, कारण ती मान्य करणे म्हणजे पीळ मान्य करणे. पट्टे एका बाजूला ठेवावेत आणि दुसरी बाजू साधी घ्यावी.

लांबीसाठी तिरपेपणात तडजोड

तयार टाय साधारण 58 इंचांचा असतो. खणाचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, कमी. 30 इंच पन्ह्याचे कापड कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत 45 अंशांत मोजले तर सुमारे 42 इंच भरते, आणि पट्टीची रुंदी वजा जाता 38 इंचच हाताशी राहतात. 44 इंची पन्ह्यातही माया धरून सलग पट्टी निघत नाही. मग घाईची माणसे नमुना थोडा उभा करतात, 45 च्या जागी 35 अंश घेतात आणि सांधा वाचवल्याचे समाधान मानतात. असा टाय गाठीत एका अंगाने ताणला जातो आणि पुन्हा सरळ होत नाही. सांधा म्हणजे कमीपणा नव्हे. 1920 च्या दशकात न्यूयॉर्कच्या जेसी लँग्सडॉर्फ यांनी उरेब कापून तीन तुकड्यांत टाय जोडण्याची पद्धत रूढ केली आणि आजही चांगले टाय तसेच होतात. पान (समोरचे रुंद टोक), मान (गळ्याभोवतीचा भाग) आणि शेपूट (मागचे अरुंद टोक) असे तीन तुकडे घ्यावेत आणि सांधा धाग्याच्या दिशेने तिरपा घालून त्याची माया इस्त्रीने फाकवून घ्यावी. दुतर्फा टायमध्ये दोन्ही बाजूंचे सांधे एकावर एक आणू नयेत. मी ते किमान दोन इंच पुढेमागे ठेवते, आणि गाठ येते तिथे एकही सांधा येऊ देत नाही.

जुन्या इरकल साडीतून कापणाऱ्यांनी अंगाचे आणि पदराचे कापड एका तुकड्यात घेऊ नये. इरकलमध्ये अंगाचा ताणा बहुधा सुती आणि पदराचा रेशमी असतो आणि दोन्ही ताणे एकमेकांत अडकवून जोडलेले असतात. त्या जोडावरून तिरपी कात्री गेली की दोन्ही अंगे वेगवेगळी ताणली जातात. काठाचा तुकडा टोकावर आणण्याचा मोहही टाळावा. उरेब कापणीत काठ तिरका येतो, आणि तो बाकीच्या कापडापेक्षा ताठ असल्यामुळे पान तिथे वळत नाही.

थरांवर थर

दुतर्फा टाय भरीव दिसावा म्हणून खण, त्याला पेस्टिंग (गोंदाने चिकटणारे अस्तर), मध्ये कॅनव्हास, मग पुन्हा पेस्टिंग आणि रेशीम, असे थर रचून आणलेले टाय मी पाहिले आहेत. मेजावर ते फार देखणे दिसतात. गळ्यात बांधले की गाठ लिंबाएवढी होते आणि कॉलर वर उचलली जाते. गाठ बांधताना कापड स्वतःभोवती गुंडाळले जाते, त्यामुळे प्रत्येक जादा थर तिथे एकदाच मोजून भागत नाही, तो वेढ्यागणिक मोजावा लागतो.

पेस्टिंगबद्दल माझे मत कडक आहे, आणि ते बदलावे असे काही अजून दिसलेले नाही. कापड उरेब कापायचे ते लवचीकपणासाठी, आणि मग त्यालाच गोंद चिकटवून तो लवचीकपणा घालवायचा, यात काही अर्थ नाही. गोंद एकसारखा धरला नाही तर रेशमावर फोड दिसतात. साध्या टायमध्ये ते मागच्या बाजूला तरी लपतात. इथे ते कोणत्याही बाजूला लपत नाहीत. मी मध्ये लोकरी कॅनव्हासचा एकच थर घालते. तोही उरेबच कापते, माया न सोडता, तयार टायच्या रुंदीपेक्षा दोन्ही कडांनी दोऱ्याइतका कमी, म्हणजे तो कडेला दुमडून उंचवटा करत नाही. मानेच्या भागात हा थर विरळ सुती कापडाचा घेतला तरी चालतो. हलक्या रंगाच्या रेशमातून खणाचा गडद रंग दिसत असेल, तर रेशमाच्या बाजूला पातळ पांढरे मलमल टाचून घ्यावे, पण ते फक्त पानाला. खण मुळात जाडसर असल्याने अशा टायचे पान तीन इंचांपेक्षा रुंद करू नये आणि मान सव्वा इंचाच्या आसपास ठेवावी.

थर एकत्र आणण्याआधी माझ्याकडे आणखी एक काम असते आणि शिकणाऱ्यांचा सगळा धीर तिथेच सुटतो. उरेब कापलेले तुकडे मी रात्रभर दोरीवर चिमट्याने टांगून ठेवते. खण आणि रेशीम सारखे उतरत नाहीत. जे उतरायचे ते आधी उतरू द्यावे, मग दोन्ही पुन्हा नमुन्याला लावून कडा सारख्या कराव्यात. हे टाळून शिवलेल्या टायमध्ये पुढे एक बाजू लांब होऊन टोकाशी पोते धरते, आणि मग गिऱ्हाईक कापडाला दोष देते.

कड मशीनने आवळून शिवणे

दोन्ही लांब कडा मशीनवर पक्क्या टिपेने शिवल्या, तर गाठ ओढताना कापड ताणते पण दोरा ताणत नाही. कड आकसते किंवा टीप तुटते. साध्या टायमध्ये पाठीची शिवण म्हणूनच एका लांब दोऱ्याने, सैल टाक्यांनी घालतात आणि शेवटी थोडा दोरा मोकळा ठेवतात. दुतर्फा टायला ही मुभा दोन्ही कडांना द्यावी लागते. मी फक्त दोन्ही टोकांचे कोन मशीनवर घालते आणि सुलटवून घेते. लांब कडांची माया आत दुमडून, कच्च्या दोऱ्याने टाचून, दोन्ही घड्यांमधून आडवा जाणारा लपता टाका रेशमी दोऱ्याने हाताने घालते. शेवटचा बोटभर दोरा आत सैल सोडते. वेळ लागतो, हे खरे आहे. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावून हे काम मिनिटांत होते असे सांगणाऱ्यांचे टाय पहिल्या पावसाळ्यानंतर मला पाहायला मिळोत.

सुलटवताना कोनाची माया टिपेच्या अगदी जवळ कापू नये. खणाचे धागे सुटतात. टोक काढायला कात्रीचे अग्र घालू नये, बांबूची बोथट काडी पुरते. टोक सुलटवण्याआधी शिवणीची माया फाकवून इस्त्री केली नाही, तर एका बाजूचे कापड दुसऱ्या बाजूवर डोकावत राहते.

आणखी काही

लाल किंवा गर्द जांभळा खण फिकट रेशमाला लावण्याआधी ओले पांढरे फडके त्यावर ठेवून गरम इस्त्री दाबावी. फडक्यावर रंग उतरला तर ती जोडी सोडून द्यावी. मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होतो, यावर विसंबू नये.

सुती खण न धुता कापू नये.

इस्त्री कडेवर दाबू नये. टायची कड गोल राहिली पाहिजे. वरून ओले फडके धरून वाफ द्यावी आणि हाताने सारखे करावे.

कंपनीचे लेबल किंवा नावाची पट्टी कुठेच लावू नये. तिला लपायला जागा नाही.

शेपूट अडकवण्याची पट्टी नवशिके सवयीने एका बाजूला शिवून टाकतात आणि मग टाय दुतर्फा राहतच नाही. मी खणाचीच, पाऊण इंच रुंदीची एक सुटी गोल पट्टी शिवते, शेपूट तिच्यातून सरकेल एवढीच सैल. टाय ज्या बाजूने बांधाल त्याच्या मागे ती पानावर सरकवून घ्यायची आणि शेपूट तिच्यातून ओवायची. गिऱ्हाइकाला टाय देताना ही पट्टी टायवर चढवूनच द्यावी, कारण वेगळी दिली की ती घरी पोहोचेपर्यंत हरवते.