महालक्ष्म्या बसवायच्यात? मग आत्तापासून लागा कामाला

ज्यांच्याकडे यंदा पहिल्यांदा महालक्ष्म्या (पुण्याकडे गौरी म्हणतात) बसणारेत त्यांनी सगळ्यात आधी पंचांग बघा, कारण हा सण तिथीवर नाही नक्षत्रावर चालतो, अनुराधावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मूळवर विसर्जन. २०२४ ला चतुर्थी ७ सप्टेंबरला आणि आवाहन १०ला होतं, २०२५ ला चतुर्थी २७ ऑगस्टला आणि आवाहन ३१ला, म्हणजे गणपतीनंतर इतक्या दिवसांनी असं धरून चालायचं नाही. रजा पूजनाच्या दिवशीची आधी टाका, बाकी दोन दिवस कसंही मॅनेज होतं.

दुसरं म्हणजे सासूबाईंना नाहीतर घरातल्या मोठ्या कुणाला तरी फोन करून रीत नीट विचारून घ्या, कुणाकडे उभ्या, कुणाकडे नुसते मुखवटे, कोकणस्थांकडे खड्याच्या, काही घरात तर तिखटाचा (सामिष) नैवेद्य असतो. इन्स्टावरचं डेकोरेशन बघून घरची रीत बदलू नका एवढंच माझं म्हणणं.

मुखवटे आठ दिवस आधी बाहेर काढा. पितळी असतील तर पितांबरीने घासा, शाडूचे असतील तर पाणी अजिबात लावायचं नाही, कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटकायची, रंग उडाला असेल तर रंगवायला तेव्हाच द्या, नंतर कारागीर हाताला लागत नाही. कोठ्या (स्टँड) हलतात का बघा. रिकाम्या कोठीवर साडी आणि दागिन्यांचं वजन पडलं की ती पुढे झुकते, म्हणून आत गहू नाहीतर तांदूळ भरायचे, आमच्याकडे त्यावर लाडू-करंज्याही ठेवतात, लक्ष्मीचं पोट रिकामं नको म्हणून. साडी नवी कडक असेल तर निऱ्या फुगतात, त्यामुळे आदल्या दिवशीच निऱ्या घालून चिमटे लावून, वरून जड काहीतरी ठेवून द्या. सेफ्टी पिना दोन पाकिटं आणा, एक पुरत नाही. आणि दोघी महालक्ष्म्यांच्या साड्यांबरोबर त्यांच्या बाळांचे कपडे विसरू नका, ते हमखास राहतात.

फुलोऱ्याचं, म्हणजे करंज्या, साटोऱ्या, पापड्या, वेणी-फणी, हे तीन-चार दिवस आधी तळून ठेवता येतं. वर टांगायचा असल्याने तळायच्या आधीच दोऱ्यासाठी भोक पाडा, नंतर पाडायला गेलं की तुटतं. विकतचा आणला तरी देवी रागावत नाही हो.

बाजार दोन टप्प्यांत करा. किराणा आधी. आघाडा, दूर्वा, केना, झेंडू, केळीची पानं आणि सोळा भाज्या आवाहनाच्या दिवशी सकाळी. भाज्या पाव-पाव किलो घ्यायला गेलात तर ४ किलो होतात आणि पुढे आठवडाभर तेच खावं लागतं, त्यापेक्षा भाजीवाल्या मावशींकडे सोळा भाज्यांचा तयार वाटा मिळतो तो घ्या, फक्त पडवळ आणि अळू त्यात आहे का बघून घ्या.

आवाहनाला दारापासून हळदीकुंकवाची पावलं काढायची, ताट वाजवत आणायचं, "कशाच्या पावलानं आली" विचारायचं, घरभर फिरवून तिजोरी, दूधदुभतं दाखवायचं (आता फ्रीजच दाखवतात). त्या संध्याकाळी आमच्याकडे भाजी-भाकरीचाच नैवेद्य, त्यामुळे हात मोकळा असतो, मग रात्रीच आंबिलीसाठी ज्वारीचं पीठ ताकात भिजवा आणि हरभऱ्याची डाळ निवडून ठेवा.

पूजनाच्या दिवशी पहाटे पहिलं काम पुरणाचं. डाळ शिजली की कट निथळून बाजूला काढा, आमटी त्याचीच होते. गूळ घालून आटवताना उलथणं उभं राहिलं की गॅस बंद, पातळ राहिलं तर पोळ्या फाटतात. त्यातलंच थोडं पुरण सोळा दिव्यांसाठी राखून ठेवा. जेवायला येणाऱ्या सवाष्णींना वेळ खरी सांगा, बाराला म्हणून तीनला पानं वाढली तर बिचाऱ्या उपाशी बसतात.

विसर्जनाला दहीभात आणि सोळा गाठींचा दोरा, त्यात झेंडूची पानं, काशीफळाचं (लाल भोपळ्याचं) फूल बांधतात, ते फूल आदल्या दिवशीच सांगून ठेवा. मुखवटे आपण बुडवत नाही, अक्षता टाकून जागेवरून हलवतो फक्त. नंतर ते सुती कापडात गुंडाळा, वर्तमानपत्रात नको, शाई लागते. कोठीतलं धान्य लगेच काढून वापरायला घ्या, पावसाळी हवेत त्याला पोरकिडे लागायला वेळ लागत नाही.