फळमाशी ओळखताना या चुका टाळा

खानापूर घ्या, हुक्केरी घ्या, काकडी-दोडक्याच्या मळ्यात सध्या एकच तक्रार, सापळे लावलेत पण फळं सडायची काही थांबंनात. बऱ्याचदा घोळ सुरुवातीलाच, माशी ओळखण्यात झालेला असतो.

सडक्या फळावर घोंगावणारी २-३ मिमीची लाल डोळ्यांची माशी म्हणजे ड्रोसोफिला, ती बहुतेक आधीच फुटलेल्या, आंबलेल्या फळावर येते, तिच्यासाठी फवारणी करत बसू नका. नुकसान करणारी फळमाशी घरातल्या माशीएवढी असते, अंगावर पिवळे पट्टे असतात आणि मादी चांगल्या फळाला टोचून आत अंडी घालते.

मग पिकावरून नाव ठोकून देऊ नका. पेरूत निघाली म्हणजे डॉर्सालिस जातीचीच असं नाही, झोनाटा आणि करेक्टा या जाती पण त्याच पेरूत निघतात. भिंग घ्या, पाठ आणि पंख दोन्ही बघा. डॉर्सालिसची पाठ बहुतेक काळी, दोन्ही बाजूंना पिवळे पट्टे, पंखाच्या वरच्या कडेनं बारीक सलग काळपट पट्टी. झोनाटा तांबूस, तिची ही पट्टी मधेच तुटते आणि टोकाला ठिपका राहतो. करेक्टाचा पंख पण तसाच, म्हणून लोक फसतात, पण तिची पाठ काळी असते आणि चेहऱ्यावर काळी आडवी रेघ असते. वेलभाज्यांवरच्या कुकुर्बिटीला पाठीच्या मधोमध तिसरा पिवळा पट्टा असतो, हे एकदा बघितलं की विसरणार नाही. जुन्या पुस्तकात तिचं शास्त्रीय नाव डेकस, नंतर बॅक्ट्रोसेरा, आता झ्यूगोडेकस, माशी तीच.

सगळ्यात महागात पडणारी चूक ल्युरची, म्हणजे सापळ्यात ठेवायच्या आमिषाची. मिथाईल युजेनॉलला पहिल्या तिघींचे नर येतात, कुकुर्बिटी येत नाही, तिला क्यू ल्युर लागतो. दोडक्यात मिथाईल युजेनॉल टांगून सापळा रिकामा म्हणून निर्धास्त राहिलात तर आत अळ्या वाढतच राहणार. आणि दोन्ही ल्युरला फक्त नरच येतात, त्यामुळं किडकी फळं गोळा करून नष्ट करणं सोडू नका.

नुसत्या अळीवरून पण नाव सांगू नका. किडकं फळ बरणीत वाळूवर ठेवून वर मलमल बांधा, अळ्या वाळूत कोष करतात. माशी बाहेर आली की लगेच मारू नका हं, ताज्या माशीचा रंग फिकट असतो, चार-पाच दिवस साखरपाणी देऊन जगवा, मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये घाला. बाटलीवर गाव, तारीख, पीक लिहा, सापळ्यातली असली तर ल्युर पण लिहा, आणि तरी खात्री वाटली नाही तर रयत संपर्क केंद्रात नाहीतर धारवाडच्या कृषी विद्यापीठात दाखवा.