शहाबादी की संगमरवर, तुटलेली कड बघा
कोल्हापुरात आपल्या पायाखाली सगळा काळा बेसाल्ट, तो लाव्हारसाचा, त्यामुळे गाळाचा आणि रूपांतरित खडक शेजारी ठेवून बघायचा तर फरशीच्या दुकानात जा, शहाबादी म्हणजे गाळाचा चुनखडक आणि तोच चुनखडक जमिनीत खोल उष्णता न दाबाने बदलला की संगमरवर. लिंबू पिळून ओळखायला जाऊ नका प्लीज, दोन्ही कॅल्साइट या खनिजाचेच, लिंबाच्या आंबटाने दोन्हीवर डाग पडतो. तुटलेली कड उन्हात धरा, संगमरवरात साखरेसारखे दाणे चमकतात, शहाबादी मात्र एकदम बारीक, मंद, आणि कडेला थर दिसतात. फक्त पॉलिश केलेल्या बाजूवरून ठरवू नका, तिथं हमखास फसायला होतं. मुलांना तर जरूर दाखवा, पुस्तकातल्या चित्रापेक्षा लवकर कळतं.