पहिल्या कॅरेक्टरची जुनी शीट: वाचायची कशी, जपायची कशी, पुन्हा खेळात आणायची कशी

जुन्या फायलीत डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळातल्या पहिल्या कॅरेक्टरची शीट, म्हणजे त्या पात्राचे गुण आणि सामान लिहिलेला कागद, सापडली की हात आपोआप पेन्सिलीकडे जातो. पुसट झालेले आकडे जरा ठळक करावेत, एवढंच मनात असतं. ते करू नका. अशा शीटवरची मोलाची माहिती पुष्कळदा खोडलेल्या आकड्यांतच असते. हिट पॉइंटच्या (कॅरेक्टरचा किती जीव उरला त्या आकड्याच्या) चौकटीत कागद झिजून पातळ झालेला असतो, आणि त्या झिजेखाली कॅरेक्टर किती वेळा मरता मरता वाचलं याची नोंद असते. वर नवी पेन्सिल फिरली की ती गेली.

आधी प्रत काढा

शीट सपाट काचेच्या स्कॅनरवर ठेवा. कागद आपोआप आत ओढणारं मशीन वापरू नका, जुन्या घडीवर कागद फाटतो. ६०० डीपीआय, रंगीत, आणि टिफ स्वरूपात स्कॅन करा. काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये फिकट पेन्सिल कागदाच्या पिवळेपणात मिसळून जाते. मागची बाजू विसरू नका. सामानाची यादी, मार्चिंग ऑर्डर (कोण कुणाच्या मागे चालणार तो क्रम), बाण मोजायच्या उभ्या रेघा हे सगळं बहुधा मागेच लिहिलेलं असतं.

गंजलेला स्टेपल असेल तर मागून त्याचे पाय सरळ करून अलगद काढा. सेलोटेप ओढू नका, तिच्याबरोबर अक्षरं निघून येतात. घड्या पडल्या असतील तर दोन टिपकागदांमध्ये ठेवून वर जाड पुस्तकांचं वजन द्या आणि आठवडाभर वाट बघा. इस्त्री नको. लॅमिनेशन तर मुळीच नको: उष्णतेने चिकटलेलं प्लास्टिक पुन्हा सुटत नाही आणि आतला आम्लयुक्त कागद आतल्या आत पिवळा, ठिसूळ होत राहतो.

ठेवायला पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचं पाकीट घ्या. पीव्हीसीचं पाकीट नव्या रेनकोटसारखा उग्र वास देतं. त्याला कालांतराने झेरॉक्सची शाई चिकटते, आणि जुन्या शीट पुष्कळदा झेरॉक्सच असतात. अमेरिकेतल्या बेसमेंटमधून कागद मुंबईला किंवा कोकणात आणला असेल तर पहिला पावसाळाच त्याची परीक्षा घेतो. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या ओलावल्या की बदला. कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या टाकायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे, पण त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ पडतं. फासे आणि पाकिटं यांच्या डब्यात त्या नकोत.

भिंतीवर लावायचीच असेल तर छापील प्रत लावा. पेन्सिलीचं ग्रॅफाइट उजेडाने उडत नाही, पण बॉलपेन आणि विशेषतः स्केचपेन उडतं. नाव तर हमखास स्केचपेननेच लिहिलेलं असतं.

शीटबरोबर शिशाची जुनी मिनिएचर (टेबलावर कॅरेक्टर दाखवणारी छोटी मूर्ती) असेल आणि तिच्यावर पांढरी पावडर धरली असेल, तर ते शिशाचं क्षरण आहे. लाकडी खोके आणि साधा पुठ्ठा यांतून निघणाऱ्या आम्ल वाफेने ते वाढतं. हातमोजे घाला, कोरड्या ब्रशने झाडू नका (धूळ विषारी असते), आणि मूर्ती पॉलिप्रॉपिलीनच्या डब्यात हलवा.

खोडलेलं वाचणं

खोली अंधारी करा. कागद टेबलावर ठेवा आणि टॉर्च जवळजवळ आडवा, टेबलापासून १०-१५ अंशांवर धरा. पेन्सिलीच्या दाबाने पडलेल्या खाचा सावलीत उठून दिसतात. फोन वर स्थिर ठेवून चारही बाजूंनी उजेड देत चार फोटो घ्या, कारण एका दिशेच्या उजेडात ७ आणि १ सारखेच वाटतात. कागदावर पेन्सिल घासून ठसा उमटवण्याची युक्ती मूळ कागदावर कधीही करू नका.

सामानाची यादी वरून खाली वाचली की ती कालक्रम सांगते. पहिल्या ओळी दुकानातल्या: दोर ५० फूट, सहा मशाली, लोखंडी खिळे, १० फुटी काठी, रेशन. त्यानंतर पेन किंवा पेन्सिल बदलते, तिथे एक सत्र संपून दुसरं सुरू झालं असावं. काट मारलेल्या वस्तू म्हणजे वापरलेल्या वस्तू. तेलाच्या चार बाटल्यांपैकी तीन एकदम खोडल्या असतील तर त्या दिवशी काहीतरी जाळलंय, आणि कुणाला तरी ते नक्की आठवत असेल.

कुठले नियम होते?

खेळ १९७४ चा. तेव्हापासून नियम इतक्यांदा बदलले की आवृत्ती ओळखल्याशिवाय आकड्यांना अर्थ नाही. वंशाच्या (माणूस, एल्फ वगैरे) जागी काही नाही आणि वर्गाच्या (फायटर, चोर वगैरे) जागी थेट ‘एल्फ’ किंवा ‘ड्वॉर्फ’ लिहिलंय? मग ती १९८१ किंवा १९८३ च्या बेसिक डब्याची शीट असण्याची दाट शक्यता. ताकद १८/७६ अशी लिहिली असेल तर बहुधा अॅडव्हान्स्ड डी अँड डीची पहिली किंवा दुसरी आवृत्ती. ‘कमलीनेस’ हा सातवा गुण दिसला तर १९८५ नंतरची पहिली आवृत्ती. ‘थॅको’ची (वार लागायला फाशावर किती हवेत ते काढायच्या आकड्याची) छापील चौकट बहुधा १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीची. फॉर्टिट्यूड, रिफ्लेक्स, विल या सेव्ह (संकटातून वाचायला टाकायचा फासा) २००० नंतरच्या, हीलिंग सर्ज २००८ ची, प्रोफिशियन्सी बोनस (लेव्हलनुसार फाशात मिळवायची वाढ) २०१४ नंतरचा.

पोरं बेसिक आणि अॅडव्हान्स्डचे नियम सर्रास एकत्र करत, त्यामुळे खुणा एकमेकींशी भांडतील. अशा वेळी आर्मर क्लास (एसी, म्हणजे कॅरेक्टरला वार लागणं किती अवघड तो आकडा) बघा. चिलखत नसलेल्याचा एसी बेसिकमध्ये ९ आणि अॅडव्हान्स्डमध्ये १० असे. टेबलावर प्रत्यक्षात कुठलं पुस्तक उघडं होतं ते यावरून कळतं.

आठवणी गोळा करताना

जुन्या सोबत्यांचा ग्रुप करून ‘काय काय आठवतं?’ असं विचारलं की जो पहिला बोलतो त्याचीच गोष्ट सगळ्यांची होते. म्हणून आधी स्वतःला आठवतं ते तारीख घालून लिहून काढा, मग प्रत्येकाला वेगळं विचारा, आणि शीट सगळ्यात शेवटी दाखवा. प्रश्न नेमके हवेत. कोण कुठे बसायचं? नकाशा कोण काढायचं? कॅरेक्टरला हाक कशी मारायचे? आधी कोण मेलं? कुठल्या गोष्टीवरून भांडण झालं? डीएमकडे (खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरकडे) चौकटीच्या वहीतला नकाशा उरला असेल तर तो सोन्यासारखा. एक चौकट बहुधा १० फुटांची असते.

लिहिताना तीन गोष्टी वेगळ्या खुणांनी ठेवा: कागदावर आहे ते, कुणीतरी सांगितलं ते, आणि अंदाज. चौथी एक भेसळ असते, पुस्तकातली आठवण. १९८३ च्या बेसिक डब्यात एकट्याने खेळायचं साहस होतं. त्यात अलीना ही क्लेरिक (पुरोहित-योद्धी) भेटते आणि बार्गल नावाचा जादूगार तिला मारतो. तो डबा वापरलेल्या असंख्य लोकांना अलीनाचा मृत्यू आपल्या टेबलावर घडल्यासारखा आठवतो. ती आठवण खरीच आहे, फक्त ती सगळ्यांची आहे. तुमच्या कॅरेक्टरच्या चरित्रात ती पहिलं पान म्हणून घाला, टेबलावरच्या प्रसंगांत मिसळू नका.

शीट हरवलीच असेल तर गुणांसाठी तीन पायऱ्या पुरतात: ‘याबद्दल फुशारकी मारायचो’ म्हणजे १६, ‘काही आठवत नाही’ म्हणजे ११, ‘यावरून चिडवायचे’ म्हणजे ७. आठवणीत तीन-तीन अठरा असतील तर त्या जरा खाली आणा. तीन फाशांवर १८ पडण्याची शक्यता २१६ त एक असते, आणि १६ किंवा जास्त पडण्याची पाच टक्क्यांहूनही कमी.

आजच्या नियमांत आणणं

इथे बहुतेक लोक चुकतात, आणि चूक एकच असते: ते कॅरेक्टर सुधारतात. शहाणपण ७ असलेला चोर १० चा होतो, आरोग्य ८ चं १२ होतं, आणि पुढे टेबलावर बसतो तो दुसराच कुणीतरी. मूळचा तो ७ होता म्हणून तर न तपासता पेटी उघडायचा. कमजोर आकडा जसाच्या तसा आणा.

उदाहरणासाठी १९८३ च्या नियमांतला तिसऱ्या लेव्हलचा चोर घेऊ: ताकद ९, बुद्धी १२, शहाणपण ७, चपळता १६, आरोग्य ८, व्यक्तिमत्त्व ११. हिट पॉइंट ५, कातडी चिलखत, एसी ५, थॅको १९, अनुभव २४०० गुण. त्याला पाचव्या आवृत्तीत (२०१४ नंतरच्या नियमांत) ‘रोग’ (Rogue, चोराचा आजचा वर्ग) करायचंय.

सहाही गुण तेच ठेवा, फक्त मॉडिफायर (गुणामुळे फाशात होणारी वाढ-घट) नव्याने काढा: गुणातून १० वजा, भागिले २, अपूर्णांक खाली. चपळता १६ ला तेव्हा +२ मिळायचे, आता +३. शहाणपण ७ ला तेव्हा −१, आता −२. गुणांची बेरीज ६३ भरते. आजच्या ठरीव संचाची (१५, १४, १३, १२, १०, ८) ७२, आणि वर वंशाची किंवा पार्श्वभूमीची वाढ. हा फरक राहू द्या आणि डीएमला आधीच सांगून ठेवा. फारच जाणवला तर एक जादा फीट (feat, खास कसब) मागा, पण आकडे वाढवू नका.

लेव्हल आणा, अनुभवाचे गुण आणू नका. तेव्हा फायटरला दुसऱ्या लेव्हलसाठी २००० गुण लागत, आता ३०० लागतात. जुने २००० तसेच भरले तर तो फायटर बसल्या जागी तिसऱ्या लेव्हलचा होतो, कारण आता तिसरी ९०० वर मिळते. आपला चोर तिसरीचाच राहील, अनुभव ९०० लिहा.

आर्मर क्लास तेव्हा जितका कमी तितका चांगला. बेसिकचा आकडा १९ मधून वजा करा, अॅडव्हान्स्डचा २० मधून. १९ वजा ५ म्हणजे १४. नव्या नियमाने कातडी चिलखताचे ११ अधिक चपळतेचे ३, तेही १४. असं दरवेळी जुळत नाही. नाही जुळलं तर चिलखत तेच ठेवून नवा हिशेब घ्या.

थॅको टाकून द्या, पण आधी समजून घ्या. थॅकोतून शत्रूचा एसी वजा केला की फाशावर लागणारा आकडा मिळे. १९ थॅकोच्या चोराला एसी ५ च्या शत्रूसाठी १४ लागायचे. आता त्याच १४ एसीच्या शत्रूवर +५ ने (चपळतेचे ३, प्रोफिशियन्सीचे २) ९ पुरतात. आठवणीत तो सारखा चुकायचा, आता कमी चुकेल.

हिट पॉइंट नवे काढा: पहिल्या लेव्हलला ८ (रोगचा फासा आठबाजू) वजा १ (आरोग्य ८ चा मॉडिफायर), पुढच्या दोन्हींना प्रत्येकी ५ वजा १, एकूण १५. पाचचे पंधरा झाले म्हणून वाईट वाटून घेऊ नका. २०१४ च्या नियमांतला साधा गॉब्लिनसुद्धा सहा बाजूंच्या फाशावर +२ ने मारतो. खरा फरक शून्यावर आहे. तेव्हा शून्य म्हणजे मृत्यू, आता डेथ सेव्ह टाकायच्या, तीन चुकल्या तरच मृत्यू. जुनी धास्ती हवी असेल तर या एका कॅरेक्टरसाठी ‘दोनदा चुकला की संपलं’ असं डीएमशी ठरवून घ्या.

कुलपांचं गणित मात्र अगदीच उलटलंय. बेसिकमध्ये पहिल्या लेव्हलच्या चोराला कुलूप उघडण्याची संधी १५ टक्के आणि भिंत चढण्याची ८७ टक्के. आता +५ ने १५ कठीणतेच्या कुलपाला ५५ टक्के, एक्सपर्टीज (निवडलेल्या कौशल्यात प्रोफिशियन्सी दुप्पट) घेतली तर ६५. म्हणून एक्सपर्टीज कुलपात घालू नका, चढण्यात घाला. गोष्टी जमवून पाहिल्या तर जुना चोर प्रत्यक्षात भिंतींचाच माणूस निघतो.

मॅजिक-यूजरला पहिल्या लेव्हलला दिवसाला एकच मंत्र असे. आजच्या विझार्डच्या वहीत सहा असतात, वर तीन कँट्रिप (कितीही वेळा वापरता येणारे छोटे मंत्र). आधी जुने मंत्र लिहा, उरलेल्या जागा नंतर भरा. ‘स्लीप’ असेल तर नवा मजकूर वाचूनच टेबलावर बसा: तेव्हा तो २ आठबाजू फाशांइतके हिट डाइस (शत्रूंच्या जिवाचे फासे) सेव्हशिवाय झोपवायचा, २०१४ मध्ये ५ आठबाजू फाशांइतके हिट पॉइंट, आणि २०२४ मध्ये शहाणपणाची सेव्ह आली.

बेसिकचा एल्फ तलवार आणि मंत्र दोन्ही चालवायचा. तिसऱ्या लेव्हलचा असेल तर फायटर १ आणि विझार्ड २ करा. त्यासाठी बुद्धी १३ आणि ताकद किंवा चपळता १३ लागते. बुद्धी कमी पडली तर फायटर घेऊन तिसरीला एल्ड्रिच नाइट (मंत्र येणारा फायटर).

जादूच्या वस्तूंत +१ तलवार तशीच आणता येते. +३ आली तर बाकीच्या टेबलाचा तोल जातो, कारण आजचा प्रोफिशियन्सी बोनसच पहिल्या लेव्हलला २ आणि सतराव्याला ६ आहे. तलवार काढून घेऊ नका, नाव आणि रूप तेच राहू द्या. आज +१, आणि कॅरेक्टर वाढेल तशी ती जागी होईल असं ठरवा. अट्यूनमेंटच्या (कॅरेक्टरशी जोडून घ्याव्या लागणाऱ्या) वस्तू तीनच चालतात, तेव्हा कोणत्या ते शीटवरच्या काट नसलेल्या ओळींतून निवडा.

आणि शीटवर मोठ्या अक्षरांत ‘मेला’ लिहिलं असेल तर? त्याला जिवंत करून नव्या मोहिमेत ओढू नका. मरण्याच्या आदल्या सत्रातलं सामान आणि हिट पॉइंट घेऊन एका संध्याकाळचा खेळ लावा, शक्यतो जुन्याच नियमांनी. १९८१ चे नियम नीट मांडून ‘ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स’ने पुन्हा छापलेत, ते हाताशी ठेवले की जुनं पुस्तक चाळत बसावं लागत नाही. चार खेळाडू, तीन तास, आणि डीएमने तीच खोली शेवटी ठेवायची.